पुनःश्रवणाचा प्रश्न : जॅझच्या तबकड्यांविषयी एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

जे संगीत वाजत असतानाच रचले जाते, पुढच्या चार मात्रांत आपण काय वाजवणार हे ज्याच्या वादकाला पुरते ठाऊक नसते आणि ठाऊक नसण्यातच जो आपली प्रतिष्ठा मानतो, त्या संगीताची एकच तबकडी रसिकाने वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा का ऐकावी, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. कादंबरी दुसऱ्यांदा वाचणारा मनुष्य लेखकाने विचारपूर्वक कायम केलेल्या संहितेकडे परत जातो. बीथोव्हेनची सिंफनी पुन्हा ऐकणाऱ्याच्या पाठीशी निदान लिखित स्वरलिपी उभी असते. जॅझच्या रसिकाला मात्र ज्या वस्तूकडे परत जावयाचे ती एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट खोलीत, चार-पाच माणसांच्या परस्परसंमतीने घडून गेलेली घटना असते, आणि तीच माणसे दुसऱ्या दिवशी जमली असती तर ती वेगळी घडली असती. सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फी याने १९६४ साली एका मुलाखतीत, संगीत वाजून संपले की ते हवेत विरते व पुन्हा हाती लागत नाही, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो बर्लिन येथे वारला, आणि हॉलंडमधील हिल्व्हर्सम येथे मृत्यूपूर्वी काही आठवडे केलेल्या 'लास्ट डेट' या मुद्रणाच्या शेवटी नेमके हेच उद्गार त्याच्या स्वतःच्या आवाजात जोडण्यात आले. ज्याला आपण निसटते म्हटले तेच डॉल्फी आता वाटेल तेव्हा आपल्याला ऐकवतो.

'पुन्हा पुन्हा ऐकण्याजोग्या' तबकड्यांच्या याद्या विपुल आहेत व त्यांत दरवर्षी भर पडते. परंतु या याद्यांच्या बुडाशी असलेली गृहीतके निरनिराळी, कित्येकदा परस्परविरोधी आहेत. त्या गृहीतकांचा आढावा घेणे हा येथील हेतू आहे. ओघात काही आवडत्या तबकड्यांची शिफारस होईल, पण ती आनुषंगिक समजावी.

तीन मिनिटांची मुदत

जॅझ म्हणून विकली गेलेली पहिली तबकडी १९१७ सालची, न्यू ऑर्लीन्सहून आलेल्या एका गोऱ्या वादकसंचाची. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावत असे, आणि पुढील तीस वर्षे जॅझच्या मुद्रणाला हीच मुदत मान्य करून चालावे लागले. लुई आर्मस्ट्राँगने १९२५ ते १९२८ या काळात 'हॉट फाइव्ह' व 'हॉट सेव्हन' या संचांच्या नावाने केलेली मुद्रणे, त्यांपैकी विशेषतः १९२८ च्या जूनमधील 'वेस्ट एंड ब्लूज', ही या मुदतीची सर्वोत्तम फळे होत. प्रारंभी एकट्या ट्रंपेटने कोणत्याही साथीवाचून घेतलेली ती झेप काही सेकंदांचीच आहे, तरी ज्याला उद्या पुन्हा तेवढीच तीन मिनिटे मिळण्याची खात्री नाही अशा माणसाचा निर्धार तीत आहे.

मराठी वाचकाला ही मुदत अपरिचित नाही. ख्यालाची बढत तासाभराची, आणि तबकडी तीन मिनिटांची. भास्करबुवा बखल्यांसारख्यांचा आवाज तर तबकडीवर उतरलाच नाही, आणि मुद्रणाविषयी नाखूश असलेल्या केसरबाई केरकरांची जी थोडी मुद्रणे हयात आहेत त्यांवरूनच पुढील पिढ्यांना त्यांच्या गायकीचा अदमास बांधावा लागतो. १९७७ साली 'व्हॉयेजर' अंतराळयानांवर पाठवलेल्या सुवर्णतबकडीत केसरबाईंची भैरवी आणि आर्मस्ट्राँगच्या 'हॉट सेव्हन'चे 'मेलँकली ब्लूज' ही दोन्ही आहेत. दोन्ही त्याच आखूड मुदतीत बसवलेली, आणि दोहोंतही गायनवादन त्या मुदतीहून मोठे असल्याची जाणीव श्रोत्याला होते.

मुदतीखेरीज आणखी एक अडथळा होता. १९४२ च्या ऑगस्टपासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार घातला व तो मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत १९४४ अखेरपर्यंत टिकला. बीबॉप ही नवी शैली हार्लेममधील क्लबांत आकार घेत होती ती नेमक्या याच दिवसांत, त्यामुळे तिच्या घडणीचा काळ इतिहासाच्या दफ्तरात बराचसा कोरा राहिला आहे. चार्ली पार्करच्या १९४५ मधील 'को-को' या मुद्रणाने जगाला धक्का बसला, याचे एक कारण मधल्या पायऱ्या कोणी ऐकलेल्याच नव्हत्या. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक-तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली, आणि तेव्हापासून आपला प्रश्न आजच्या स्वरूपात उभा राहिला; कारण वीस मिनिटांची एक बाजू मिळाल्यावरच तबकडी ही घटनेची नोंद की स्वतंत्र कलाकृती, असे विचारण्यात अर्थ उत्पन्न झाला.

नोंदीचा पक्ष

पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की उत्तम जॅझ-तबकडी हा एक दस्तऐवज आहे, आणि त्याकडे परत जाण्याचे कारण म्हणजे त्यात नोंदलेल्या क्षणाची सत्यता. या पक्षाचा पहिला दाखला बहुधा बिल एव्हान्सच्या त्रयीचा असतो. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कमधील 'व्हिलेज व्हॅन्गार्ड' हा तळघरातील क्लब; पियानोवर एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशियन. श्रोत्यांच्या गप्पा आणि पेल्यांची किणकिण मुद्रणात जशीच्या तशी ऐकू येते. अकरा दिवसांनी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, लाफारो मोटार-अपघातात मरण पावला, आणि 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅन्गार्ड' ही तबकडी त्याच्या वादनाला अग्रस्थान देऊन तयार करण्यात आली; 'वॉल्ट्झ फॉर डेबी' नंतर आली. या मुद्रणाचे अनेक चाहते मृत्यूच्या छायेमुळे ते ऐकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती छाया बाजूला सारली तरी तबकडी टिकते. बासने केवळ पायाभूत स्वर पुरवावेत ही वहिवाट लाफारो जुमानीत नाही; पियानोच्या वाक्याच्या मध्येच तो आपले म्हणणे मांडतो, आणि एव्हान्स त्याला जागा करून देतो.

प्रस्तुत लेखकाला या ठिकाणी आपले मत नमूद करावेसे वाटते, कारण पुढील मांडणीवर त्याचा थोडाफार रंग चढणे अटळ आहे. एकल वादनाचे स्वर काही दिवसांनी श्रोत्याला तोंडपाठ होतात; माइल्स डेव्हिसचा ट्रंपेट पुढे कोठे वळणार हे न समजण्याचे सोंग विसाव्या श्रवणात आणता येत नाही. पाठ होत नाही ते वादकांचे एकमेकांकडे असलेले लक्ष. एकाने टाकलेला प्रश्न दुसऱ्याने किती उशिराने उचलला, तिसऱ्याने तो मुद्दाम कसा टाळला, हे व्यवहार इतके दाट असतात की प्रत्येक वेळी कान वेगळ्या वादकावर ठेवावा आणि वेगळी हकिकत ऐकावी. ज्या तबकड्यांत हा व्यवहार विरळ आहे त्या, मुख्य वादक कितीही थोर असला, तरी लवकर संपतात.

डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चे उदाहरण याच अंगाने पाहण्यासारखे आहे. २ मार्च व २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी, एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या कोलंबियाच्या तिसाव्या रस्त्यावरील स्टुडिओत ते मुद्रण झाले. 'सो व्हॉट' या पहिल्या रचनेत बत्तीस मापांचे आवर्तन आहे, त्यांतील चोवीस मापे एका स्वरश्रेणीत आणि मधली आठ तीच श्रेणी अर्ध्या स्वराने वर चढवून. बदलत्या स्वरसंघांच्या दाटीतून वाट काढण्याऐवजी एका श्रेणीत निवांत विहार करण्याची ही मुभा रागसंगीतावर वाढलेल्या श्रोत्याला आपलीशी वाटते. डेव्हिसच्या वादनाचा प्रारंभ होतो त्या क्षणी जिमी कॉबच्या झांजेवर पडलेला तो आघात, जो खुद्द कॉबला जास्त जोराचा वाटला होता, तो संपूर्ण तबकडीतील सर्वांत ओळखीचा ध्वनी होऊन बसला आहे. पण गंमत अशी की पहिल्या दिवशी मूळ फीत किंचित मंद गतीने फिरत होती. परिणामी तबकडीची पहिली बाजू मूळ वादनाहून किंचित जलद व चढ्या स्वरात विकली गेली, आणि ही चूक १९९२ च्या आवृत्तीत प्रथम दुरुस्त झाली. तीस वर्षांहून अधिक काळ जगाने ज्या क्षणाच्या सत्यतेची ग्वाही दिली, त्याचा षड्जच थोडा सरकलेला होता.

रचनेचा पक्ष

या दुरुस्तीने नोंदीच्या पक्षाला जितके अडचणीत आणले तितकेच दुसऱ्या पक्षाला बळ दिले. त्याचे म्हणणे असे की तबकडी ही नेहमीच घडवलेली वस्तू असते, आणि श्रोता परत जातो तो घडणीकडे. थेलोनियस मंकची 'ब्रिलियंट कॉर्नर्स' ही रचना १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये वाजवावयास घेतली तेव्हा ती इतकी अवघड ठरली की सुमारे पंचवीस प्रयत्नांत एकदाही ती आरंभापासून अंतापर्यंत नीट पार पडली नाही. निर्माता ओरिन कीपन्यूज याने तुकडे जोडून ती सिद्ध केली. म्हणजे जे वादन आज आदर्श मानले जाते ते त्या रूपात कोणीच, कधीच वाजवलेले नाही. चार्ल्स मिंगसने १९६३ च्या 'द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी'त मोठ्या संचाच्या मुद्रणावर चार्ली मारियानोच्या आल्टो सॅक्सोफोनचे थर नंतर चढवले, आणि मलपृष्ठावरील टिपणाचा काही भाग आपल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून लिहवून घेतला, हे मिंगसलाच शोभावे.

या दिशेचे टोक डेव्हिसचे 'इन अ सायलेंट वे' हे होय. १९६९ मधील या तबकडीच्या दोन्ही बाजूंना निर्माता टीओ मॅसेरो याने आरंभीचा भाग कापून शेवटी पुन्हा जसाच्या तसा चिकटवला. वादकांनी एकदा वाजवलेले श्रोता एकाच बैठकीत दोनदा ऐकतो, आणि दुसऱ्यांदा ते परतीसारखे, जणू समेवर आल्यासारखे वाटते. पुनःश्रवण येथे श्रोत्याच्या मर्जीवर न सोडता रचनेतच बसवलेले आहे.

दोन्ही पक्ष ज्या एका मामल्यात समोरासमोर येतात तो ड्यूक एलिंग्टनच्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातील वादनाचा. ७ जुलै १९५६ च्या रात्री पॉल गोन्साल्व्हेस, जो आडनावावरून आपल्याला गोव्याचा वाटावा पण ज्याचे घराणे केप व्हर्दे बेटांतील होते, त्याने टेनर सॅक्सोफोनवर बारा मापांची सत्तावीस आवर्तने एका दमात वाजवली आणि श्रोते खुर्च्यांवर उभे राहून नाचू लागले. मात्र तो कोलंबियाच्या ध्वनिग्राहकासमोर नव्हे, तर 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या ध्वनिग्राहकासमोर उभा होता. शिवाय एलिंग्टनला त्या रात्रीच्या अन्य काही वादनाचे समाधान नव्हते. संचाने स्टुडिओत जाऊन बराच भाग पुन्हा वाजवला, त्यावर टाळ्या चढवण्यात आल्या, आणि 'न्यूपोर्ट येथील एलिंग्टन' म्हणून चाळीसएक वर्षे खपली ती अशी मिश्र तबकडी. १९९९ साली दोन ठिकाणच्या फिती जुळवून त्या रात्रीचे खरे वादन प्रसिद्ध झाले. आता परत जावे ते कोणत्या आवृत्तीकडे? जुन्या तबकडीने एलिंग्टनची उतरती कीर्ती सावरली, लोकांच्या कानांत ती बसली. नवी खरी आहे. जाणकारांत याविषयी एकमत नाही, आणि ते होईल असे दिसत नाही.

यादीची सनद

तिसरा पक्ष श्रवणापेक्षा परंपरेचा विचार करतो. कोणत्या तबकड्यांकडे परत जावे हे प्रत्येकाने आपापले ठरवावे असे म्हटले, तरी व्यवहारात काही थोड्यांना सनद मिळते व बाकीच्या मागे पडतात. १९७३ मध्ये समीक्षक मार्टिन विल्यम्स याने स्मिथसोनियन संस्थेसाठी सहा दीर्घ तबकड्यांचा संग्रह संपादित केला, आणि अमेरिकी विद्यापीठांतील कित्येक पिढ्यांनी जॅझ म्हणजे तो संग्रह असे मानून अभ्यास केला. १९९२ मध्ये रिचर्ड कुक व ब्रायन मॉर्टन यांच्या 'पेंग्विन गाइड'ची पहिली आवृत्ती निघाली. याद्यांचा गुरुत्वमध्य बहुधा १९५९ या एका सालाभोवती असतो: 'काइंड ऑफ ब्लू', मिंगसची 'मिंगस आह अम', ब्रुबेकची 'टाइम आउट', ओर्नेट कोलमनची पियानोविरहित 'द शेप ऑफ जॅझ टू कम', आणि त्याच साली मुद्रित झालेली कोल्ट्रेनची 'जायंट स्टेप्स'. ('टाइम आउट'मधील पाच मात्रांचे आवर्तन तेव्हा पश्चिमेत मोठे नवल ठरले, झपतालावर टाळी देत वाढलेल्यास ते ठरू नये.)

या सनदेविरुद्धची तक्रारही जुनी आहे. स्कॉट डिव्हो याने १९९१ मधील एका निबंधात दाखवून दिले की न्यू ऑर्लीन्सपासून बीबॉपपर्यंत अखंड वाहणारी जी परंपरा आपण निसर्गसिद्ध समजतो, ती समीक्षकांनी विशिष्ट गरजांपोटी रचलेली आहे. २००१ मध्ये केन बर्न्सचा दीर्घ माहितीपट अमेरिकी दूरचित्रवाणीवर आला, तेव्हा १९६० नंतरच्या चार दशकांची त्याने केलेली घाईची बोळवण हा टीकेचा मुख्य विषय झाला. स्त्रियांच्या बाबतीत तर याद्यांची कृपणता उघड आहे. मेरी लू विल्यम्सची १९४५ ची 'झोडिॲक सूट' किंवा ॲलिस कोल्ट्रेनची 'जर्नी इन सच्चिदानंद' या फार काळ यादीबाहेर होत्या. तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमावर हार्प आणि फॅरो सँडर्सचा सोप्रानो सॅक्सोफोन ज्या दुसऱ्या तबकडीत विसावतात, ती अलीकडे सर्वत्र आदराने उल्लेखिली जाते खरी, पण त्या आदरात पश्चात्तापाचा अंश किती व श्रवणाचा किती, हे सांगणे कठीण आहे.

सनदेच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. वादकांच्या दृष्टीने पुनःश्रवण हा विलास नसून तालीम आहे. पार्करने तरुणपणी लेस्टर यंगच्या तबकड्या घोटून त्यांतील वादन आत्मसात केले. लेनी ट्रिस्टानो आपल्या शिष्यांकडून थोर वादकांची एकल वादने तबकडीबरोबर गाऊन घेई. ज्या कलेत लिखित संहिता दुय्यम आहे तेथे तबकडीच गुरुस्थानी येते.

आक्षेप

पुनःश्रवणालाच आक्षेप घेणारे थोडे आहेत, पण त्यांची बाजू दुबळी नाही. जर्मन तत्त्वचिंतक आडोर्नो याने जॅझमधील स्फूर्त वादन हे ठरावीक साच्यावरचे वरवरचे नक्षीकाम असल्याचा फैसला दिला होता. पण ज्या जॅझविषयी तो बोलत होता तो बहुतांशी नाचघरांतील होता, तेव्हा त्या फैसल्यावर येथे अधिक थांबण्याचे कारण नाही. इंग्रज गिटारवादक डेरेक बेली याचा आक्षेप अधिक मूलगामी आहे: स्फूर्त वादनाचा प्राण त्याच्या नश्वरतेत असल्याने मुद्रण त्याचे रूप दाखवील, कृती दाखवणार नाही.

खुद्द वादकांना याचा चटका कसा बसतो याचे दोन दाखले पुरेत. सॉनी रॉलिन्सच्या 'सॅक्सोफोन कोलोसस' या १९५६ च्या तबकडीतील 'ब्लू सेव्हन'चे विश्लेषण करून गुंथर शुलर याने दोन वर्षांनी दाखवले की ते वादन एका लहानशा स्वरबीजातून सुसंगतपणे विकसित झाले आहे. लेख आजही प्रमाण मानला जातो. रॉलिन्सला मात्र त्याने अवघडल्यासारखे झाले, कारण सहज घडलेल्या गोष्टीचा तिच्या कर्त्यापुढे जाबसाल मांडला गेला होता. दुसरा दाखला टॉमी फ्लॅनगनचा. 'जायंट स्टेप्स'च्या वेगाने बदलणाऱ्या स्वरसंघांशी झुंजताना त्याचा पियानो अडखळतो, वाक्ये तुटतात, आणि जगातला प्रत्येक विद्यार्थी ते अडखळणे आजतागायत ऐकत आला आहे. १९८२ मध्ये त्याने ती रचना आपल्या त्रयीसह पुन्हा मुद्रित केली, आणि ती सफाईने पार पाडली. पण लोक परत जातात ते जुन्याच मुद्रणाकडे.

कीथ जॅरेटची कहाणी उलट अंगाने तीच आहे. २४ जानेवारी १९७५ रोजी कोलोनच्या ऑपेरागृहात मागवलेला पियानो न येता भलताच, लहान व नादुरुस्त पियानो समोर आला. वरच्या पट्टीतील क्षीण व खालचे निर्जीव स्वर टाळीत त्याने मधल्या स्वरांवर डाव्या हाताची आवर्तने घोळवली, आणि त्या तासाभराच्या वादनाची तबकडी लाखोंनी खपली. स्वरलिपी प्रसिद्ध करण्यास तो फार काळ राजी नव्हता. अखेर परवानगी दिली तेव्हा अंतिम प्रमाण तबकडीच मानावी अशी त्याची सूचना होती.

दूरचा श्रोता

या सर्व पक्षांनी गृहीत धरलेला श्रोता न्यूयॉर्कच्या आसपासचा, म्हणजे ज्याला मूळ वादन ऐकण्याची निदान शक्यता होती असा आहे. मुंबईच्या श्रोत्याची स्थिती निराळी होती, तरी अगदीच पारखी नव्हती. १९२६ साली शिकागोत आर्मस्ट्राँगसोबत तबकडीवर वाजवणारा पियानोवादक टेडी वेदरफोर्ड पुढील दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्याच वातावरणात तयार झाला, आणि सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तील वाद्यमेळात त्याचे ऋण स्पष्ट ऐकू येते. १९५८ मध्ये ब्रुबेक येऊन गेला. १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रे'त रॉलिन्स वाजवून गेला. पण या भेटीगाठींच्या दरम्यान बहुतेकांच्या वाट्याला तबकड्या आणि 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वरील विलिस कोनोव्हरचा रात्रीचा कार्यक्रम एवढेच होते. अशा श्रोत्याला नोंद आणि घटना यांतील भेद कळत असला तरी परवडत नव्हता. आर्मस्ट्राँग, पार्कर आणि डॉल्फी आता सर्वांनाच तबकडीवर ऐकावे लागतात, हे पाहता एकेकाळी मुंबई-पुण्याच्या श्रोत्याची असलेली स्थिती आज न्यूयॉर्कच्या श्रोत्याचीही झाली आहे.

अनिर्णित बाबी

दोन बाबी मोकळ्या राहतात. पहिली, तबकडीच्या सीमेची. दीर्घ तबकडीला दोन बाजू होत्या, क्रम होता, विराम होता. सीडीने बाजू पुसल्या आणि शिल्लक जागेत टाकून दिलेली वादने भरली. आता तर क्रमही श्रोत्याच्या बोटाखाली आला. 'व्हॅन्गार्ड'चे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले संपूर्ण मुद्रण पहिल्याच रचनेत वीज गेल्याने झालेल्या खंडासह मिळते. अभ्यासकाला हा खजिना. पण एकच रचना लागोपाठ दोनदा ऐकवणारा तो संच सायंकाळी ऐकावयास लावावा, असे या लेखकाला क्वचितच वाटते.

दुसरी बाब मूळ प्रत कोणती याची. कोल्ट्रेनने 'अ लव्ह सुप्रीम' ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत मुद्रित केली. चार खंड, अवघी तेहतीस मिनिटे. पहिल्या खंडात चार स्वरांचे एक बीज तो सर्व बारा पट्ट्यांतून फिरवतो, आणि शेवटच्या खंडात तबकडीसोबत छापलेली स्वतःची प्रार्थना अक्षरशः सॅक्सोफोनवर म्हणतो. ही तबकडी इतकी पूर्ण वाटत आली की तिला दुसरे रूप असू शकेल ही कल्पनाच कोणी फारशी केली नव्हती. त्याच संचाने १९६५ च्या जुलैत फ्रान्समध्ये ती वाजवल्याचे मुद्रण जाणकारांना माहीत होते. २०२१ मध्ये मात्र सिॲटलच्या एका क्लबातील ऑक्टोबर १९६५ चे मुद्रण बाहेर आले: सात वादक, सुमारे पंचाहत्तर मिनिटे, कडा झिजलेल्या, एल्व्हिन जोन्सचे ड्रम्स सर्वांच्या पुढे. स्टुडिओतील प्रत हीच रचना आणि बाकी दोन्ही तिची सादरीकरणे, असे काही म्हणतात. स्टुडिओतील प्रत हा केवळ पहिला आराखडा होता व कोल्ट्रेन तिच्यातून वर्षभरात बाहेर पडला होता, असे इतर. सिॲटलच्या मुद्रणाला अजून फारच थोडी वर्षे झाली आहेत, आणि त्याकडे लोक किती वेळा परत जातात हे कळण्यास आणखी काही वर्षे लागतील.